आठ महिन्यांचे परिव्राजक

मृग नक्षत्र लागले, की कोकणपट्टीतील होड्या वाळूवर ओढल्या जातात, जाळी घरात येतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र माणसांपुरता बंद होतो. १ जून ते ३१ जुलै हा पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारीचा बंदीकाळ आता कायद्याने ठरलेला असला, तरी कायदा होण्यापूर्वीही हीच रीत होती. या दोन महिन्यांत खोल समुद्रात काय चालते, हे पाहावयास तेथे फारसे कोणी नसते. परंतु समुद्र कधी कधी आपली खबर स्वतःच पाठवितो. वादळवाऱ्याच्या दिवसांत, ज्याने एरवी जमिनीला पाय लावला नसता असा खोल समुद्रावरील एखादा पक्षी वाऱ्याबरोबर भरकटत सह्याद्री ओलांडतो आणि दख्खनच्या पठारावर कोठेतरी थकून खाली येतो. अशा नोंदी पक्षिशास्त्राच्या दप्तरात आहेत. आज आम्हांस जो प्रश्न वाचकांपुढे ठेवावयाचा आहे तो या भरकटलेल्या पाखराविषयीचा आहे, आणि त्यासाठी आम्ही निपाणी हे गाव निवडले आहे.

किनाऱ्यावरच्या दैनिकाने निपाणीची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. निपाणी कोकणाला परकी नाही. देवगडहून निघालेला रस्ता फोंडा घाट चढून, राधानगरीवरून थेट निपाणीस जातो. या घाटवाटांनी मीठ आणि सुकी मासळी वर गेली, तंबाखू आणि गूळ खाली उतरला. सरळ रेषेत मोजले तर निपाणी समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. बैलगाडीला हे अंतर काही दिवसांचे होते, मोटारीला काही तासांचे आहे. पश्चिमेच्या झंझावातात सापडलेल्या पाखराला ते एका रात्रीचेही नाही. तेव्हा उद्या वेदगंगेच्या काठच्या एखाद्या शेतात, काळी पाठ, पांढरे पोट आणि दुभंगलेले लांब शेपूट असलेला, कधी न पाहिलेला पक्षी निपचित पडलेला आढळला, तर त्याचे काय होईल? मुले त्याच्याभोवती जमतील, कोणी पाणी पाजील, कोणी कावळ्यांपासून राखील, आणि दुसऱ्या दिवशी तो मेला म्हणून बांधावर टाकून दिला जाईल. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. पण त्या पाखराबरोबर काय फेकले गेले, याची जाणीव मात्र कोणालाच असणार नाही.

ती जाणीव होण्यासाठी सागरी पक्ष्यांचे वर्ष कसे असते हे पाहिले पाहिजे. आपल्याकडे संन्याशाने चातुर्मासात एका जागी राहावे आणि उरलेले आठ महिने परिव्राजक म्हणून हिंडावे, असा दंडक आहे. समुद्रावरच्या पाखरांचा आयुष्यक्रम थोडाफार असाच आहे. जमिनीशी त्यांचा संबंध विणीपुरता. अंडी समुद्रावर घालता येत नाहीत, म्हणून ती वर्षातून तीन-चार महिने एखाद्या खडकाळ बेटावर येतात. पिले उडाली, की त्यांचा मुक्काम संपतो. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात दीपगृहाशेजारी जे उघडे खडक आहेत, ज्यांना सारे ‘वेंगुर्ला रॉक्स’ म्हणून ओळखतात, तेथे लगामी सुरय नावाचा पक्षी वीण घालतो. त्याची वीण नेमकी पावसाळ्याच्या आगेमागे, म्हणजे खऱ्याखुऱ्या चातुर्मासाच्या सुमारास होते. हुमायून अब्दुलअली यांनी या खडकांवरील सुरय आणि पाकोळ्या यांच्याविषयी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४२ साली लिहिले. पुढे पाकोळ्यांची घरटी चोरून विकण्याचा धंदा उघडकीस आला, आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने पाकोळ्यांच्या रक्षणासाठी काम केले. हे सारे योग्यच झाले. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की आपले ज्ञान, आपला कायदा आणि आपली कळकळ ही तिन्ही घरट्याभोवती जमा झाली आहेत. १९८७ साली जाहीर झालेले मालवणचे सागरी अभयारण्य घ्या, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालील दुसरे कोणतेही अभयारण्य घ्या, ती जागेला बांधलेली असतात. पाखरू मात्र जागेला बांधलेले नाही. वर्षातील आठ महिने ते जेथे असते, तेथे आपली नजर पोहोचत नव्हती.

ही नजर पोहोचावी म्हणून माणसाने केलेले प्रयत्न मोठे चिकाटीचे आहेत. १८९९ साली डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शिक्षकाने पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली अॅल्युमिनियमची कडी घालण्यास आरंभ केला. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये हे काम हाती घेतले. त्याला मोठी चालना मिळाली ती एका रोगामुळे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडताप उद्भवला. याच तापाने अलीकडे गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे माणसे दगावली आहेत, हे वाचकांस ठाऊक आहे. या तापाचा विषाणू स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून आला असेल काय, या शंकेमुळे जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली साठच्या दशकात देशभर हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी चढली. पाखरांचा माग काढणे हा रिकामटेकड्यांचा छंद नव्हे, हे सांगण्यास एवढे एकच उदाहरण पुरे आहे.

परंतु कड्याची एक मर्यादा आहे. ते कोठे घातले आणि कोठे सापडले, एवढेच कळते. मधला सारा प्रवास अज्ञात राहतो, आणि समुद्रावर तर कडे सापडणार तरी कोणास? ही अडचण प्रथम उपग्रहाने दूर केली. १९८९ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील क्रोझे बेटांवर फ्रेंच शास्त्रज्ञांनी प्रचंड पंखांच्या अल्बट्रॉस पक्ष्यांच्या पाठीवर प्रेषक बसविले, आणि घरट्यातील जोडीदाराला सोडून एका फेरीत हा पक्षी हजारो किलोमीटर हिंडून येतो, हे जगाने पहिल्यांदा पाहिले. पण अल्बट्रॉस हा अनेक किलो वजनाचा पक्षी. आपला लगामी सुरय अवघ्या शंभर-सव्वाशे ग्रॅमांचा. त्याच्या पाठीवर असले ओझे लादणे म्हणजे त्याला मारणेच.

लहान पाखरांसाठी जी युक्ती निघाली ती ऐकून आपल्या जुन्या नाखवांना व पंचांगकर्त्यांना आनंद झाला असता. एक-दोन ग्रॅमांचे एक यंत्र पक्ष्याच्या पायातील कड्याला बांधतात. ते कोठेही संदेश पाठवीत नाही. त्यात एक घड्याळ असते आणि उजेड मोजणारा एक डोळा. रोज उजाडले केव्हा आणि मावळले केव्हा, एवढेच ते टिपून ठेवते. दिनमान किती लांब, यावरून अक्षांश निघतो. मध्यान्ह केव्हा झाली, यावरून रेखांश. सूर्यावरून स्थान काढण्याची ही दर्यावर्दी विद्याच आहे. तीत शे-दीडशे किलोमीटरांची चूक राहते, आणि दिवस-रात्र समसमान असतात त्या विषुवदिनांच्या आसपास अक्षांश कळेनासा होतो. तरी आठ महिन्यांच्या सागरभ्रमणाचा नकाशा काढण्यास एवढे पुष्कळ झाले. मात्र एक अट आहे. ही रोजनिशी वाचावयाची तर तो पक्षी, किंवा निदान ते यंत्र, पुन्हा माणसाच्या हाती आले पाहिजे.

या इवल्या यंत्राने गेल्या वीस वर्षांत जे दाखविले ते थक्क करणारे आहे. ग्रीनलंड आणि आइसलंड येथे घरटी करणारा उत्तर ध्रुवाकडील सुरय वर्षाकाठी सरासरी सत्तर हजार किलोमीटर उडतो, आणि त्याची विणीबाहेरची मुक्कामाची जागा दक्षिण ध्रुवाजवळ असते, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले सेशेल्समधील संशोधन. तेथील बर्ड आयलंडवर काजळी पाठीच्या सुरयांची मोठी वसाहत आहे. निपाणीच्या शेतातील म्हणून वर ज्या पाखराचे वर्णन आम्ही केले तेच हे. वीण आटोपल्यावर हे पक्षी कोठे जातात? ते हिंदी महासागरभर पांगतात. त्यांच्या ठरलेल्या प्रदेशांत बंगालचा उपसागर आहे, मादागास्करच्या उत्तरेचा समुद्र आहे, आणि चागोसपासून लक्षद्वीपपर्यंतच्या पाणबुड्या पठाराभोवतीचा समुद्रही आहे. वर्षभरात एकेक पक्षी सरासरी पन्नास हजार किलोमीटर उडतो. दोनशे ग्रॅमांच्या आसपास वजन असलेले हे पाखरू पाण्यावर फारसे टेकतही नाही. दिवसरात्र जवळजवळ हवेतच असते. पिले तर एकदा बेट सोडले, की काही वर्षे जमिनीवर उतरतच नाहीत.

म्हणजे लक्षद्वीपचा समुद्र, जो आपल्या मच्छीमारांना परका नाही, तो सेशेल्सच्या पाखरांचे विणीबाहेरचे घर आहे. उलट आपल्या लगामी सुरयाचे घर कोठे असेल, याचे सूचन पश्चिम ऑस्ट्रेलियातून मिळते. तेथे वीण घालणारे याच जातीचे पक्षी हंगाम संपताच उत्तरेस सुलावेसीकडील समुद्रात निघून जातात. आणि आपला पावसाळा हा दुसऱ्या कोणाचा रिकामा काळ असतो. दक्षिण ध्रुवाकडील बर्फाळ किनाऱ्यांवर घरटी करणारे विल्सनचे वादळपाखरू, ज्याचे वजन चाळीस ग्रॅमांच्या आतबाहेर, तेथील हिवाळा टाळून मे ते ऑक्टोबरपर्यंत अरबी समुद्रात लाटांवर पाय टेकीत हिंडते. हिवाळ्यात मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांत मासळीच्या होड्यांमागे घिरट्या घालणारे तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडील सरोवरांवर जन्मलेले असतात. समुद्र हे त्यांचे विणीबाहेरचे घर. किनाऱ्यावरचा माणूस ज्यांना ‘आपले पक्षी’ म्हणतो, त्यांतील बहुतेक असे पाहुणे आहेत.

हे सारे कळून उपयोग काय, असे विचारणे गैर नाही. तंबाखूच्या भावासाठी निपाणीच्या शेतकऱ्याला रस्त्यावर बसावे लागले, कोकणातल्या मच्छीमाराची जाळी रिकामी येऊ लागली. अशा दिवसांत पाखरांची चिंता कोणी करावी? याचे उत्तर अल्बट्रॉसनेच दिले आहे. या पक्ष्यांची संख्या घटत होती आणि घरट्यांच्या बेटांवर त्याचे पुरते कारण सापडत नव्हते. उपग्रहाने त्यांचे मार्ग दाखविले तेव्हा दिसले, की जेथे लांब दोरीला हजारो गळ लावून ट्यूना पकडणारी जहाजे फिरतात, तेथेच हे पक्षी अन्नासाठी जातात आणि गळाला लागून बुडतात. दुखणे घरट्यात नव्हते, आठ महिन्यांच्या वाटेवर होते. ते कळल्यावर उपायही निघाले. दोर रात्री सोडणे, गळांना वजन बांधून ते चटकन बुडविणे, जहाजामागे फडफडणाऱ्या पट्ट्या लावणे, असे हे उपाय साधे आणि स्वस्त आहेत. २००१ साली राष्ट्रांनी या पक्ष्यांसाठी करार केला व २००४ पासून तो अमलात आला. माग काढल्याशिवाय हे घडले नसते.

आपल्या समुद्रालाही हाच न्याय लागू आहे. काजळी पाठीचा सुरय खोल पाण्यात सूर मारू शकत नाही. ट्यूनाचे थवे खालून लहान मासळीला वर रेटतात, तेव्हा पृष्ठभागावर उसळलेली मासळी तो टिपतो. म्हणूनच जुने मच्छीमार पाखरांची गर्दी पाहून होडीची दिशा ठरवीत. ट्यूना उपसला गेला तर पाखरू उपाशी, आणि पाखरू दिसेनासे झाले तर मच्छीमाराने समजावे, की पाण्याखाली काहीतरी बिघडले आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन पडणारे डांबरगोळे जहाजांच्या व खनिज तेलाच्या वाटेवरून येतात; ती वाट पाखरांचीही आहे. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यासमोर एक मालवाहू जहाज बुडाले आणि प्लॅस्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यावर पसरले. जे किनाऱ्याला लागले ते आपण पाहिले. जे समुद्रावर राहिले ते मासळीची अंडी समजून खाणारे कोण, हे पाखरांच्या पोटातूनच कळावयाचे. आपल्या देशाचा हक्क किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंत चालतो. त्यापलीकडच्या समुद्राच्या रक्षणासाठी राष्ट्रांनी २०२३ मध्ये करार स्वीकारला व २०२४ मध्ये भारताने त्यावर सही केली. परंतु कोणता भाग राखावयाचा, हे सांगण्यास कोणीतरी तेथे जाऊन आलेले पाहिजे. सही माणसाची असली, तरी साक्ष पाखराची लागणार आहे.

आता निपाणीकडे वळू. अरबी समुद्रातील चक्रीवादळे वाढली असल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. २००९ चे फयान, २०२० चे निसर्ग, २०२१ चे तौक्ते ही नावे किनाऱ्यावर कोणी विसरलेले नाही. वादळे वाढली, की घाटापलीकडे भरकटणाऱ्या पाखरांची शक्यताही वाढते. त्यांतील एखाद्याच्या पायात क्रमांकाचे कडे असू शकेल, आणि कड्याला नखाएवढे यंत्रही असू शकेल. ज्या यंत्राची रोजनिशी पुन्हा हाती आल्याखेरीज वाचता येत नाही, ते निपाणीच्या बांधावर मातीत गेले, तर कोणा संशोधकाची वर्षाची मेहनत आणि त्या पाखराचा पन्नास हजार किलोमीटरांचा वृत्तांत दोन्ही मातीत जातील. सागराचा माग काढणाऱ्या साखळीतील शेवटचा दुवा समुद्र न पाहिलेला एखादा शेतकरी किंवा शाळकरी मुलगा असू शकतो, हे आमचे सांगणे आहे.

असे पाखरू आढळल्यास काय करावे, हे अवघड नाही. उघड्या हाताने न धरता फडक्याने अलगद उचलावे. त्याच्या चोचीत पाणी किंवा दूध ओतू नये. माया म्हणून केलेले हे कृत्य बहुधा त्याचा प्राण घेते. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात व शांततेत ठेवावे आणि वनखात्यास कळवावे. कित्येक सागरी पक्ष्यांना सपाट जमिनीवरून उडता येत नाही, म्हणून त्यांना गावच्या तलावावर नेऊन सोडणे बरोबर नव्हे. पायात कडे असल्यास त्यावरील अक्षरे व अंक जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, छायाचित्र काढावे. तारीख, गाव आणि त्या दिवसाचे वारे-पाऊस लिहून ठेवावे. भारतीय कड्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळविण्याची सूचना कोरलेली असते. पक्षी मेलेला असला तरी ही नोंद तितक्याच मोलाची आहे.

अडचण आहे ती निराळीच. सिंधुदुर्गाचे वनखाते महाराष्ट्राचे, पणजीचे गोव्याचे, निपाणीचे कर्नाटकाचे. एकच वादळ तिन्ही राज्यांत पाखरे टाकून जाते आणि त्यांच्या नोंदी तीन दप्तरांत, तीन भाषांत, एकमेकींना न भेटता पडून राहतात. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. सीमाभागातील मराठी माणसाची व्यथा आम्ही जाणतो, आणि तिचा न्याय झाला पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण वादळात सापडलेल्या पाखराची नोंद निकालाची वाट पाहू शकत नाही. उलट, निपाणीच्या मराठी वाचकाला येथे एक वेगळेच स्थान आहे. त्याचे कार्यालयीन व्यवहार कानडीत, वाचन मराठीत, सोयरीक कोल्हापुरात आणि मासळीची वाट देवगडची. तिन्ही दप्तरे ज्याच्या ओळखीची आहेत असा माणूस हाच. निपाणी, चिकोडी, बेळगाव, चंदगड आणि आजऱ्याच्या शाळांनी वादळी दिवसांनंतर आढळलेल्या अपरिचित पक्ष्यांची एक साधी वही ठेवावी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आणि दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्या वह्यांना विचारणारे कोणीतरी नेमावे, आणि तिन्ही राज्यांच्या वनखात्यांनी या नोंदी एकत्र कराव्यात. याला मोठा पैसा लागत नाही.

आणि आणखी एक मागणी. २०२२ मध्ये कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालावयास आलेल्या कासविणींच्या पाठीवर उपग्रहाची यंत्रे बसविली गेली. त्यांना प्रथमा, सावनी, रेवा अशी नावे ठेवली गेली, आणि लेकी सासरी निघाल्यागत गावोगावचे लोक त्यांची खबर विचारू लागले. त्याच वर्षी ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांवरही अशी यंत्रे बसली. वेंगुर्ल्याच्या खडकांवरील लगामी सुरयालाही ही संधी मिळाली पाहिजे. तो कोकणात जन्मतो, म्हणजे कोकणचाच आहे. आठ महिने तो कोठे जातो, काय खातो, कशाने मरतो, हे जाणून घेण्याची जबाबदारी इतर कोणाची नाही.

अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. घाटावर येऊन पडणाऱ्या या पाखराइतका खरा अतिथी दुसरा नसेल. त्याला वाचविणे दर वेळी आपल्या हाती असेल असे नाही. पण तो आला होता, अमुक दिवशी, अमुक गावी, एवढे लिहून ठेवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. येत्या पावसाळ्यात निपाणीतील एखाद्या शाळेच्या वहीत अशी एक ओळ जरी पडली, तरी ती समुद्राविषयीच्या आपल्या ज्ञानात भर घालील.